शालन विचारायची

"रेडिओवर तू जा," अण्णा म्हणाले.

मी पंप बंद करून ग्रामपंचायतीत किल्ली ठेवायला गेलो होतो. अण्णा खुर्चीत रेलून पानाला चुना लावत होते. कागदावर सरपंच त्यांच्या मंडळी होत्या, पण खुर्चीत अण्णाच बसायचे. रेडिओवाल्यांचं बोलावणं खरं तर सरपंचबाईंना आलं होतं.

"मी काय बोलणार तिथं?" मी म्हटलं.

"गावात पाणी कोण सोडतं? तू का मी?"

"मी."

"मग पाण्याचं तूच बोलायचं. 'खालच्या लाइनीला दाब कमी आहे, काम चालू आहे.' एवढं दोनदा म्हण. मधे चार जणांचे फोन येतील, एखादं भजन लावतील. बघता बघता अर्धा तास जातोय."

"पण अण्णा, गुरुवारचा कार्यक्रम आमच्या घरातली करती."

अण्णांनी पान तोंडात टाकलं आणि हसले. "म्हणून तर तुला पाठवतोय, येड्या. बायको नवऱ्याला भर रेडिओवर काय विचारणार? तिला तुझं नाव घ्यायची पंचाईत!"

आमच्या टाकळवाडीत खालच्या वस्तीच्या नळाला शिमग्यापासून थेंब नव्हता. त्याचं कारण मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं आणि अण्णांच्या मेव्हण्याला माहीत होतं. मेव्हण्यानं एसटी थांब्याजवळ मंगल कार्यालय बांधलं होतं. खालच्या वस्तीची जुनी लाइन त्याच्या बरोबर खालून जात होती. कामात ती चेपली आणि वर गुळगुळीत फरशी बसली. मी दर सकाळी व्हॉल्व्ह उघडायचो, पाणी तिथवर जायचं आणि पाठीमागच्या ओढ्यात जिरायचं. दुरुस्त करायचं तर भर लग्नसराईत हॉलची फरशी फोडायला लागणार होती. मी तोंड उघडलं तर पाण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल, हे अण्णा मला कधी बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

रेडिओ म्हणजे शिवार रेडिओ. तालुक्याच्या एका महिला संस्थेनं तो शेजारच्या माळावर काढला होता. आवाज दहा-बारा गावांपुरता जायचा. बचत गटाच्या बायकांना त्यांनी शिकवून तयार केलं होतं, त्यात शालन होती. त्यांना बातम्या द्यायची परवानगी नव्हती, म्हणून शालन म्हणायची, "आम्ही बातम्या देत नाही, निरोप देतो." कुणाची शेळी हरवली, लाइट कुठल्या दिवशी जाणार, डोळ्यांचा डॉक्टर कुठल्या देवळात बसणार. आणि गुरुवारी तिचा कार्यक्रम असायचा, 'विचारा की!' त्यात ती कुणालाही बोलवायची आणि विचारत बसायची.

घरात ती फारशी बोलत नसे. घरात माझी आई होती, थोरला भाऊ होता, वहिनी होती. त्यांच्यादेखत नवरा-बायकोनं बोलत बसायचं म्हणजे शोभा. आमचं बोलणं म्हणजे "ताट वाढलंय" आणि "सायकलची चावी कुठाय."

मी दुपारी सायकल काढली आणि माळाकडं गेलो. शालन सकाळच्या जीपनंच पुढं गेली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला दारात बघून ती उठलीच.

"आवं, तुमी? आईंना काय झालं का?"

"आईला काय होतंय. मला अण्णांनी पाठवलंय."

"कशाला?"

"पाण्याचं बोलायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. अण्णांचा डाव तिच्या ध्यानात आला, हे मला दिसलं. आदल्या आठवड्यात ती खालच्या वस्तीत माइक घेऊन गेली होती. बायकांनी तिला हंडे दाखवले होते आणि म्हणाल्या होत्या, "तू नुसतं आमाला बोलाय लावतीस. उत्तर काय आणत न्हाईस." तिनं शब्द दिला होता की गुरुवारी उत्तर आणते, नाहीतर परत तुमच्या दारात माइक घेऊन येणार नाही.

रेश्मा मुलाणी म्हणून एक मुलगी काचेपलीकडं मशिनवर बसायची. तिला परिस्थिती समजली. "ताई," ती म्हणाली, "मी बसते त्यांच्यासमोर. तुम्ही मशीन बघा."

मला बरं वाटलं. तसंच व्हावं असं मला वाटलं.

शालननं पदर कमरेला खोचला. "नको. गुरुवार माझा हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चपला बाहेर काढा."

खोली लहान होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. बायकांनी आपापल्या घरून आणलेल्या. एका गोधडीत आमच्या आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा मला ओळखू आला. पंखा बंद केला होता. मधे एक टेबल, दोन माइक. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतकं समोरासमोर आम्ही कधी बसलो नव्हतो.

रेश्मा आत येऊन मला समजावू लागली. "काका, माइकपासून वीतभर लांब बसा. सुरवातीला 'नमस्कार शालनताई' म्हणायचं. सगळे पाहुणे तसंच म्हणतात."

"मी ताई म्हणू?"

रेश्माच्या लक्षात आलं आणि तिनं ओढणी तोंडाला लावली. "नुसतं नमस्कार म्हणा, काका," म्हणत ती हसत बाहेर पळाली. शालन हसली नाही. ती कागद सरळ करत होती.

लाल दिवा लागला.

"नमस्कार. गुरुवारचा 'विचारा की!' घेऊन आलीय तुमची शालन. आज टाकळवाडीच्या खालच्या वस्तीतल्या पाण्याचं विचारायचंय. ग्रामपंचायतीकडनं पाणी सोडणारे कर्मचारी आलेत. त्यांचं नाव ते स्वतःच सांगतील."

"नमस्कार," मी म्हटलं. "सोपान पिसे."

"खालच्या वस्तीला पाणी का येत नाही?"

"खालच्या लाइनीला दाब कमी आहे. काम चालू आहे."

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. रेश्मानं काचेतून खूण केली. खालच्या वस्तीतली गजराबाई मंडले होती. म्हातारीला फोनवर बोलताना ओरडायची सवय होती.

"आगं शालन! म्या ऐकतीया. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतीस आन् आमाला पाणी कुटनं मिळवून देतीस?"

माझे कान तापले. सगळं शिवार ऐकत होतं. अण्णा ऐकत होते. घरी आई ऐकत होती. आता शालन गोंधळणार, भजन लागणार, असं मला वाटलं.

"सोपान दादू पिसे," शालन म्हणाली. हजेरी घेतल्यासारखं. "घेतलं नाव, मावशी. आता पाण्याचं विचारू का?"

फोनवर गजराबाई म्हणाली, "इचार माज्ये बाई. आन् त्याला ह्ये बी इचार, आमची वस्ती उताराला हाय. उतारावर पाण्याला मागनं ढकलाय लागतं व्हय?"

काचेपलीकडं रेश्मा टेबलावर डोकं ठेवून हसत होती. शालननं माझ्याकडं बघितलं. माणसाच्या तोंडाकडं बघून विचारायचं, कागदाकडं नाही, असं त्यांना शिकवलेलं होतं.

"वरच्या आळीला पाणी जातं?"

"जातं."

"तिथं तर चढ आहे. चढाला दाब पुरतो?"

"पुरतो."

"आणि उताराला पुरत नाही."

मी दुसऱ्यांदा ते वाक्य म्हटलं. दाब कमी आहे, काम चालू आहे. माझं मलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. आता माझ्याकडचं संपलं होतं.

शालननं कागद बाजूला सारला. मला वाटलं, आता ही कार्यक्रम आटोपती. पण ती खुर्चीत पुढं सरकली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बरं, ते राहू दे. तुम्ही सकाळी घरनं निघता. मग काय करता?"

"विहिरीवर जातो. मोटर चालू करतो."

"लगेच चालू होती?"

"न्हाय. हवा धरती कधी कधी. मग पाइपात पाणी ओतायला लागतं."

"मग?"

"मग टाकी भरायची वाट बघतो."

"भरली हे कसं कळतं? वर चढून बघता?"

"चढायला कशाला पाहिजे. आवाजावरनं कळतं." मी जरा सरसावून बसलो. "टाकी मोकळी असताना पाणी ढोलकीसारखं वाजतं. भरत आली की आवाज बारीक होत जातो. भरली की आवाजच न्हाय."

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि तोवर तुम्ही काय करता?"

"बसतो पंपघरात."

"नुसते?"

"रेडिओ ऐकतो."

"कुठला?"

"ह्योच," मी म्हटलं. "आदल्या दिवशीचं सकाळी परत लावता न्हाय का, ते."

शालननं माइकची वायर उगीच सरळ केली. मी घरात तिच्या कार्यक्रमाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. तिचा समज होता की मला ते आवडत नाही.

"टाकी भरल्यावर?" तिनं विचारलं.

"मग व्हॉल्व्ह सोडतो. आधी वरची आळी, मग मधली."

"आणि खालची वस्ती?"

"सोडतो की."

"रोज?"

"रोज."

"पाणी पोचत नाही हे माहीत असून?"

"थोडा वेळ सोडतो. एखाद दिवशी पोचंल म्हणून."

"व्हॉल्व्ह सोडल्यावर आवाज येतो?"

"येतो."

"म्हणजे पाणी जातंय."

"जातंय."

"कुठपर्यंत जातंय?"

मी गप्प बसलो. खोलीत पंखा बंद होता, तिसरं माणूस नव्हतं, बाहेरचा काही आवाज नव्हता. रेडिओवर असं गप्प राहिलेलं चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, बंद पडला. रेश्मा काचेवर बोटानं टकटक करायला लागली. भजन लावू का, असं ती हातानं विचारत होती. शालननं तिच्याकडं न बघता हात वर केला, थांब म्हणून. आणि ती माझ्याकडं बघत बसली. त्या नजरेत राग नव्हता. मी उत्तर देईन असं तिला वाटत होतं, एवढंच. माझ्याकडं काही सांगण्यासारखं आहे आणि ते ऐकायला ती बसली आहे, असं आयुष्यात माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

"अण्णांच्या मेव्हण्याच्या मंगल कार्यालयापर्यंत," मी म्हटलं.

"आणि पुढं?"

"पुढं लाइन चेपलीय. त्यांच्या फरशीखाली. पाणी मागच्या ओढ्यात जातंय."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि ज्यांनी मला इथं पाठवलं, त्यांना."

बाहेर रेश्माच्या टेबलावरचा फोन वाजला. तिनं उचलला, ऐकलं, "लाइन बिझी आहे, अण्णा," असं अण्णांनाच सांगितलं आणि ठेवून दिला, हे मला मागनं कळलं.

शालननं ऐकणाऱ्यांना सांगितलं की खालच्या वस्तीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं आहे, आता पुढचं ग्रामसभेत विचारा. दिवा विझला. कानावरचं काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"पाणी प्या," ती मला म्हणाली. मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन पहिल्यांदा हसली.

परतीला जीप नव्हती. मी सायकल हातात धरली आणि आम्ही माळावरून चालत निघालो. उन्हं उतरली होती. शालन रिवाजाप्रमाणे माझ्या मागं चालत होती. थोडं गेल्यावर मी थांबलो.

"शेजारनं चाल. मागनं बोललेलं ऐकू येत न्हाय."

"लोकं बघतील."

"बघू देत. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

ती सायकलच्या पलीकडच्या बाजूनं चालू लागली. मधे सायकल होती, तेवढंच बरं.

"तुला सगळं ठाऊक होतं ना?" मी विचारलं.

"कशाचं?"

"लाइनीचं. फरशीचं. तू मला बरोबर तिथवर नेलंस."

"न्हाय वो. आईशप्पथ. ठाऊक असतं तर इचारलं कशाला असतं?"

"मग घरी का न्हाय कधी विचारलंस?"

"घरी?" ती म्हणाली. "घरी तुमी ताटावर बसता, आमटी वाढ म्हणता, उठता. त्यात कुटं इचारू?"

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "काम गेलं बघा तुमचं."

"गेलं."

"मग कशाला सांगितलंत? दाब कमी हाय, एवढं म्हणून उठला असता तर मी काय करणार होते?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

गाव अजून समजतं की अण्णांनी धाडलं म्हणून सोपान पिसे रेडिओवर गेला. तसं नव्हतं. अण्णांना मी नाही म्हणू शकलो असतो. आजारी पडू शकलो असतो. पण पंपघरात बसून मी तिला ऐकत आलो होतो. तिनं एकदा एका गाढववाल्याला अर्धा तास विचारलं होतं, की गाढवांना नावं कशावरून ठेवता, कुठलं गाढव रुसतं, रुसल्यावर काय करता. तो माणूस आधी हो-नाही करत होता आणि शेवटी आपल्या मेलेल्या गाढवाबद्दल बोलताना रडला होता. तिनं सुईणीला विचारलं होतं, डफवाल्याला विचारलं होतं, कुल्फीवाल्याला विचारलं होतं. टाकीत पाणी पडत असायचं आणि मी ऐकत असायचो. मला वाटायचं, ही सगळ्या जगाला विचारती. मला काय विचारील? तिच्यासमोर बसायची पाळी माझी कधी येईल? अण्णांनी नाव काढलं तेव्हा तोंडानं मी नाही म्हणत होतो. पण तिनं रेश्माला नको म्हटल्यावर, आधी बरं वाटलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं आणि माझं काळीज पोरासारखं उडायला लागलं होतं.

हे त्या वाटेवर मी तिला सांगितलं. मोडकंतोडकं, पण सांगितलं.

"गाढववाल्यावर जळत होता?" तिनं विचारलं.

"व्हय."

"देवा!" म्हणून ती हसत सुटली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. रेडिओवर ती हसायची तसंच ते हसू होतं, आणि ते मला पहिल्यांदा तिच्या तोंडासकट बघायला मिळत होतं.

ओढ्याच्या अलीकडं ती म्हणाली, "अजून एक इचारू?"

"विचार."

"लग्नात आंतरपाट धरला होता. खाली आल्यावर तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाय. म्हाताऱ्या कुजबुजल्या, पोरगी पसंत न्हाय वाटतं. मी किती दिवस तेच धरून बसले होते. का बघितलं न्हाय?"

"दादा म्हणाला होता, नवरीकडं टक लावून बघशील तर मित्र हसतील. म्हणून मी भटजींच्या घड्याळाकडं बघत होतो."

"घड्याळाकडं?"

"व्हय. बंद होतं ते."

गाव दिसायला लागलं तरी आम्ही बोलत होतो. घराच्या मागच्या गल्लीत सायकल टेकवून उभे राहिलो आणि तिथंही बोलत होतो. शेवटी आतून आईचा आवाज आला, "नाव घेतलंस म्हणं रेडिओवर? आता घरात बी हाका मारतीस का काय त्याला?" शालन डोक्यावर पदर ओढून आत पळाली.

आठवड्यात किल्ली माझ्याकडून काढून घेतली. त्याचं मला फार वाटलं नाही. पुढं मी विहिरींच्या मोटरी दुरुस्त करायला लागलो. ग्रामसभेत खालच्या वस्तीच्या बायका हंडे घेऊन बसल्या. फरशी कुणी फोडली नाही, पण हॉलला वळसा घालून नवी लाइन टाकावी लागली. पाणी आलं त्या दिवशी गजराबाईनं शालनला घरी बोलावून ओटी भरली.

आमचं मात्र त्या दिवसापासून सुरू झालं. रात्री आई झोपली की शालन विचारायची. आज कुठल्या विहिरीवर गेला होता? तिथं खाली किती अंधार असतो? भीती वाटती का? लहानपणी आई तुम्हाला मारायची का? तुमचा तो शाळेतला दोस्त पुढं कुठं गेला? एका प्रश्नातून दुसरा काढायची. माझ्यात इतकं सगळं आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं विचारलं म्हणून ते होतं. शेवटच्या आजारात तिला बोलायला धाप लागायची, तरी डोळ्यांनी विचारायची, आणि मी सांगत बसायचो.

मागच्या साली संक्रांतीनंतर ती गेली. रेडिओवाल्यांनी तिच्या सगळ्या गुरुवारांचं रेकॉर्डिंग मला आणून दिलं. रेश्मा आता तिथली मोठी बाई झाली आहे, तीच घेऊन आली होती. मी ते लावलेलं नाही. त्यात ती दुसऱ्यांना विचारते. मला विचारलेलं आहे, पण त्याची उत्तरं देऊन झालेली आहेत.

मला आता लोक विचारतात. जेवलात का, औषध घेतलं का, झोप लागली का. चांगली माणसं आहेत. त्यांना हो म्हटलं की पुरतं.

परवा शाळेजवळ लाइन फुटली. पाणीवाल्याला जागा सापडेना म्हणून मला बोलावणं आलं. उकरलं तर चिंचेची एक मुळी सांध्यातून पाइपात शिरलेली. आत पाणी मिळालं म्हणून ती अशी वाढली होती, की बाहेर ओढली तर दाढीसारखा मोठा झुपका निघाला, पांढरा, ओला. उभ्या जन्मात मी असलं बघितलं नव्हतं. घरी चालत आलो. वाटेनं सगळं मनात लावून ठेवलं. आधी नुसतं लाइन फुटली एवढंच सांगायचं, मुळीचं मागनं काढायचं. कुठं अडवून ती काय विचारील, तेही.

दारात आलो. पाय धुतले. सून आतून म्हणाली, "मामा, चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.